ओढ्याकडचे दोन बांध

भाद्रपद लागला की माझं घरात चित्त लागत नाही. मुलगा म्हणतो, वयामुळं होत असेल. सून म्हणते, पित्त असेल, सुंठ घ्या. मी सुंठ घेते आणि काठी टेकत बांधावर जाऊन उभी राहते. पवन्याचं गवत कमरेला लागलेलं असतं. वारं आलं की सगळं एका अंगाला कलतं आणि पुन्हा उभं राहतं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटत असेल, म्हातारी हिरवळ बघायला आली. पण हिरवळ मला दिसतच नाही. मी गवताचं एक ताट धरते आणि वरच्या पानाच्या गुंडाळीत बोटानं चाचपते. आत काही फुगीर लागतं का? लागलं, की मी बोटांवर दिवस मोजायला लागते.

तुरा गवताच्या पोटात तयार असतो, पण बाहेर पडलेला नसतो, तेव्हा गवत पोटरीत आलं असं आम्ही म्हणतो. पोटरीतलं गवत कापलं तर ते सोनं. आठ-दहा दिवस गेले, तुरा बाहेर पडला, बी धरलं, की तेच गवत बागेचं वैरी. हे आठ-दहा दिवस माझ्या अंगात असे बसले आहेत की इतकी वर्षं लोटली, बाग कसणारी माणसं गेली, निजामाचं राज्य गेलं, तरी ते मला दरसाल उठवतात.

मला हे ज्ञान आक्कांनी दिलं. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मी लग्न होऊन नेकनूरच्या बाजूच्या त्या लहान गावात आले तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. नवरा गेल्यावर चकलांब्याचं सासर सोडून त्या भावाकडं आल्या होत्या. सोबत भांडी-कुंडी काही आणली नव्हती. आणल्या त्या लिंबोणीच्या बेचाळीस रोपांच्या परड्या, बैलगाडीत ओल्या गोणपाटाखाली झाकून. माझ्या सासऱ्यांनी मरायच्या आधी विहिरीपासून ओढ्यापर्यंतचा तुकडा तोंडी लेकीला दिला होता. कागदावर काही नव्हतं. तालुक्याच्या कचेरीत सगळं उर्दूत चाले, तिथं बाईमाणसाच्या नावानं कागद करायला कोण जाणार? भावानं शब्द पाळला तर जमीन आक्कांची. ह्यांनी तो पाळला होता, पण मनातून ते खूश नव्हते. जेवताना कधी कधी बोलून जायचे, "आक्का, काळी जमीन हाय. ज्वारी केली असती तर दोन बैलांची वैरण निघाली असती."

आक्का म्हणत, "पाच वरीस दम धर बापू. लिंबं लागू दे. न्हाई लागली तर तुज्या हातानं नांगर घाल."

त्यामुळं त्या बागेत आम्ही वावरायचो ते जीव मुठीत धरून. सहा ओळी, एका ओळीत सात झाडं. प्रत्येक झाडाच्या बुडाशी गोल आळं. आळ्यात वीतभर जाडीचं वाळलं गवत अंथरलेलं. मोटेचं पाणी पाटानं आलं की ते गवताखाली मुरायचं आणि ऊन कितीही तापलं तरी चार-चार दिवस वल धरून राहायचं. मी नवी असताना गवत खोडाला भिडवून, चांगलं दडपून बसवलं होतं. आक्कांनी येऊन ते हातानं मागं सारलं. "खोडापासून एक वीत मोकळं ठिवायचं, गोदा. न्हाई तर उधई वर चढती, खोड पोखरती. झाडाला बी श्वास घ्यावा लागतो, बाई."

गवतही त्या मुद्दाम वाढवत. बागेच्या चारी अंगांनी मिळून सहा बांध होते. त्यांवर गुरं जाऊ द्यायची नाहीत, पवना मोकळा वाढू द्यायचा, पोटरीत आला की कापायचा, उन्हात वाळवायचा आणि मगच आळ्यांत घालायचा. हरळीला मात्र थारा नव्हता. बांध आणि बाग यांच्या मधे हातभर खोल चर होता. रोज सकाळी आक्का खुरपं घेऊन त्या चराच्या कडेनं उकिडव्या सरकत जात आणि हरळीचा एखादा धागा चर ओलांडू पाहत असला तर मुळासकट उपसून काढत. गवत बागेभोवती पाहिजे, पण बागेत नको. त्यांचं सगळं आयुष्य जणू त्या हातभर चरावर पहारा देण्यात चाललं होतं.

बाग लावून पाचव्या वर्षी, भाद्रपदाच्या तोंडाला, आक्का हिवतापानं पडल्या. एक दिवसाआड दुपारी थंडी भरून यायची. तीन गोधड्या अंगावर घातल्या तरी दात वाजायचे. त्यातही विचारणं एकच, "पोटरीत आलं का गं?"

मी एकटीनं चार बांध कापले. हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर हळद लावून पुन्हा विळा धरला. ओढ्याकडचे दोन बांध राहिले होते. तेवढ्यात दिंद्रुडहून माझा भाऊ गाडी घेऊन दारात उभा राहिला. गौरीच्या सणाला मला न्यायला आला होता. दोन वर्षांत मी माहेर पाहिलं नव्हतं. शेजारची चुलतसासू म्हणाली, "जा, आक्काकडं मी बगते." हेही जा म्हणाले. मी लुगडं बदलून आक्कांच्या पाया पडायला गेले.

त्यांनी डोळे उघडले. "ओढ्याकडचे दोन बांध?"

"झाले," मी म्हणाले.

का म्हणाले? नाही म्हटलं असतं तर त्यांनी मला थांबवलं असतं असंही नाही. कदाचित ह्यांना सांगून दुसरं कुणी लावलं असतं. पण बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता, भाऊ दोनदा खाकरला होता, आणि माझ्या वीस वर्षांच्या जिवाला आईच्या अंगणाची घाई झाली होती. एक शब्द. तो बोलताना जीभ अडखळली नाही, याचंच मला पुढं जास्त वाटत राहिलं.

चार दिवसांचे आठ झाले. माहेरी मला गोड लागलं नाही. आई गौरीपुढं बसवून बांगड्या भरत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं बांध होता. परत आले ती गाडीतून उतरून तशीच ओढ्याकडं गेले. दोन्ही बांध निसवले होते. तांबूस-पांढरे तुरे उन्हात चमकत होते. हात लावला की कुसळं झडत होती.

तेव्हाच घरी जाऊन सांगायचं होतं. मी विळा आणला. म्हटलं, कापून टाकू, वाळवून झटकू, बी पडून जाईल. झटकलंही. पण बी काय सगळं झडतं? शेवटच्या दोन ओळींची चौदा झाडं उघडी होती. त्यांच्या बुडांशी दुसरं घालायला काही नव्हतं. मी तेच गवत घातलं.

त्या साली हस्त कोरडा गेला. ज्वारी पेरली ती निम्मी उगवलीच नाही. गावात सगळ्यांची नजर आभाळाकडं. माझी तेवढी जमिनीकडं. ह्यांनी मोट धरली की पाणी पाटातून सळसळत यायचं, पुढच्या चार ओळी भिजवून ओढ्याकडच्या आळ्यांत शिरायचं. झाडाला पाणी हवं होतं, पण त्याच पाण्यानं बी जागं होणार होतं. एवढ्या दुष्काळी हवेत पाणी नको-नकोसं वाटणारी त्या मुलखात मी एकटीच असेन.

गवत घातल्यापासून नवव्या दिवशी एका आळ्यातलं गवत उचकटून पाहिलं. खाली सुयांसारखे पिवळट-हिरवे कोंब. दुसऱ्या आळ्यात पाहिलं. तिथंही.

मग माझा रोजचा नेम झाला. दुपारी सगळे जेवून कलंडले की मी "धुणं घेऊन जाते" म्हणायची आणि आळ्यांपाशी बसायची. गवत बाजूला करायचं, कोंब चिमटीत धरून उपटायचे, गवत पुन्हा पसरायचं. लिंबोणीचे काटे दंडाला ओरबाडायचे. एका आळ्याला दुपार पुरायची नाही. चौदावं होईतो पहिलं पुन्हा हिरवं. पंधरा दिवस मी हे केलं. पाचोळा वाजला तरी दचकायची. रात्रीच्या जेवणात घास फिरायचा. चुलतसासूला वाटलं मला दिवस गेले. ती कौतुकानं चिंच आणून द्यायला लागली. ती चिंच खाताना मला रडू यायचं.

आश्विन सरता सरता आक्का उठल्या. अंगात काही राहिलं नव्हतं, चोळी खांद्यावरून घसरायची. काठी घेऊन म्हणाल्या, "चल, बाग दाव." मी पुढच्या ओळींत रेंगाळले. ह्या झाडाला पालवी बघा, त्याला बघा. त्या थेट शेवटच्या ओळीला गेल्या. खाली बसल्या. गवत उचललं. वाकून पाहत राहिल्या. बोटांनी एक कोंब काढला, तळहातावर घेतला.

"कोण्च्या बांधाचं हाय हे?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानं, बागेच्या मातीकडं पाहत. "झाले" कसं म्हणाले तेही.

आक्कांनी तो कोंब बोटांत फिरवला. मग म्हणाल्या, "तू दिंद्रुडहून आलीस त्या दिशी तुज्या लुगड्याच्या काठाला कुसळं व्हती. म्या बगितली व्हती. पोटरीतल्या गवताला कुसळ नसतं."

"मग तुमी बोलल्या कावून न्हाई?"

"तू सांगशील म्हणून वाट बगितली." त्यांनी तो कोंब मातीत टाकला. "खोटं बोललीस त्याचं मला लई न्हाई. माहेराची वड कुणाला नसती? पर पंधरा दिस एकटी उपटत बसलीस आन् मला हाक मारली न्हाईस. मी मेलते का?"

मला मार परवडला असता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून उपटायला बसलो, पण ते हाताबाहेर गेलं होतं. ते गवत आळ्यांत होतं तोवर रोज नवं बी पडणार होतं. काढावं तर बुडं उघडी पडणार, आणि विहिरीचं पाणी तर तेव्हाच दोन हात खाली गेलं होतं. इकडं आड, तिकडं विहीर, अशी गत. आक्का विचार करत राहिल्या.

त्याच दिवसांत ओढ्यापलीकडं गुरं राखणाऱ्यांची दोन पालं पडली. डोंगराकडून आलेली माणसं. गाईंच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गत. त्यांतली ठकूबाई म्हणून एक उंच, काळीसावळी बाई चराच्या अलीकडं आली आणि अंथरलेल्या गवताकडं बघतच राहिली.

"बाई, एवढी वैरण तुमी मातीला घालता व्हय?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "माजी गाय परवा बसली ती उठली न्हाई. दुसरी आज बसंल."

झाडाखालचं गवत झाडाचं जीवन होतं हे मला ठाऊक होतं. पण गाईच्या डोळ्यांपुढं ते गवत जमिनीवर पसरून आम्ही उभ्या होतो, आणि त्या वेळी आम्ही तिला फार श्रीमंत दिसत असू.

आक्का म्हणाल्या, "हे दोन वळींचं घिऊन जा. समदं. पर एक काम करशील? डोंगराला पळस हाय ना, त्याचा पाला आणून दे. जेवढा हुईल तेवढा."

पळसाचं पान जाड, वीतभर जमीन झाकणारं, आणि त्यात गवताचं बी नाही. ठकूबाईच्या घरच्यांनी आळ्यांतलं गवत भारे बांधून नेलं आणि आठवड्याला एखादी खेप करून पानांचे दोन भारे डोक्यावर आणले. मी आणि आक्का उरलेले कोंब उपटून, माती खुरपून, पानं चोपून बसवायचो. खोडापासून एक वीत सोडून. माघापर्यंत पाचवी ओळ पुरी झाकली. सहाव्या ओळीत एकच आळं झालं आणि डोंगरावरचे पळस निष्पर्ण झाले. गळलेली पानं वाऱ्यानं घळीत नेली. मागं राहिली ती नुसती लालभडक फुलं. सगळा डोंगर पेटल्यासारखा दिसायचा. गावातल्या पोरी ती फुलं रंगासाठी वेचायच्या. मला त्या फुलांचा राग यायचा. एकेक फूल म्हणजे आमचं एक पान कमी झालेलं.

फाल्गुनात मोट चौथ्या दिवशी चालायला लागली, चैत्रात आठव्या. शेवटच्या ओळीला पाणी पोचायच्या आतच पाटात आटायचं. मी आणि आक्का घागरींनी नेऊन ओतायचो. उघड्या मातीवर पाणी पडलं की चर्र आवाज व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत आळं भाजलेल्या भाकरीसारखं तडकायचं. पानं आधी मुडपली, मग पिवळी झाली, मग एका सकाळी वाऱ्याशिवायच गळाली. वैशाखाच्या शेवटी सहा झाडं काटक्या झाली होती. झाकलेलं तेवढं एक त्या ओळीत हिरवं राहिलं.

हे बाग बघायला आले तेव्हा मी घागर घेऊन उभी होते. "ही वळ कावून जळाली?" त्यांनी विचारलं. "बाकीच्या तर हायत."

माझं तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "माज्यामुळं. तापात काय सांगितलं माजं मलाच कळलं न्हाई. निसवलेलं गवत घालाय सांगितलं ह्या पोरीला."

ह्यांनी बहिणीकडं पाहिलं. त्या नजरेत दया होती, आणि दयेच्या आड काहीतरी ठरल्यासारखं. "आक्का, तुजं आता होत न्हाई," एवढंच ते बोलले.

मी गप्प राहिले. घागर कमरेवरून खाली ठेवली, पुन्हा उचलली. पुढचा महिनाभर मी त्या गप्प राहण्यासोबत जेवले, झोपले, दळण दळलं. आक्का पूर्वीसारख्याच बोलायच्या. एकदाही त्यांनी ते वाक्य माझ्यापाशी काढलं नाही. त्यांनी उपकाराची नजर एकदा जरी टाकली असती तरी मला सोपं गेलं असतं. कुणी आपल्यावरचं ओझं न विचारता उचललं की माणूस हलका होतो असं म्हणायची रीत आहे. मला तसं कधी वाटलं नाही. ते ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर पाहत चालणं फार जड जातं.

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले. ठकूबाईची पालं उठली. तिची दुसरी गाय वाचली होती आणि नुकतीच व्याली होती. जाताना तिनं त्या गाईचा खरवस करून आणला आणि आक्कांच्या हातावर ठेवला. त्याच आठवड्यात एका सकाळी मी भाकरी घेऊन शेतात गेले तर हे ओढ्याच्या अंगानं नांगर घेऊन उभे. बैल जुंपलेले. शेवटच्या ओळीतल्या काटक्या उपटून बांधावर टाकल्या होत्या. सातवं, ते हिरवं झाड तेवढं राहिलं होतं आणि त्याच्याशी कुऱ्हाड टेकवून ठेवली होती. आक्का चराच्या कडेला खुरपं घेऊन बसल्या होत्या, पाठमोऱ्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"काय करता?" मी विचारलं.

"एवढी वळ ज्वारीला घेतो. तिच्या हातनं व्हत न्हाई. औंदा ही, पुढं बगू."

पुढं बगू म्हणजे काय ते मला कळलं. मी भाकरीची टोपली खाली ठेवली आणि बैलांच्या पुढं जाऊन उभी राहिले. नवऱ्यापुढं पदर सावरून बोलायची आमची रीत. त्या दिवशी पदर कुठं होता मला माहीत नाही.

"आक्कांनी न्हाई सांगितलं ते गवत घालाय," मी म्हणाले. "त्यांनी तर पोटरीतच काप म्हणून धा येळा सांगितलं व्हतं. मी बांध तसेच सोडून माहेरी गेलते. झाले म्हणून खोटं सांगितलं. निसवलेलं गवत बी मीच घातलं. ही झाडं मी मारली."

ह्यांच्या हातातला कासरा ढिला पडला. "मग ती तसं का म्हणाली?"

"मला तुमी बोलू नये म्हणून."

बैलानं शेपटी झटकली. ह्यांचा चेहरा लाल झाला होता आणि मला वाटलं आता हात उठेल. ते माझ्याकडं पाहत होते, मग आक्कांच्या पाठीकडं. ती पाठ हलत नव्हती.

"नांगर घालायचा तर घाला," मी म्हणाले. "पर त्यांचं व्हत न्हाई म्हणून घालू नका. छत्तीस झाडं जगलीत ती त्यांच्या हातानं. ह्या सहा जागा माज्या हायत. मी भरून देते."

ह्यांनी कासरा बैलाच्या पाठीवर टाकला. मग त्यांनी कुऱ्हाड उचलली, खांद्यावर घेतली आणि बैल वळवले. जाताना एकदा बहिणीपाशी थांबले. तिच्या पुढ्यात बसून चरातून आलेला हरळीचा एक लांब धागा त्यांनी उपसला, तिच्या हातात दिला आणि गेले.

मी तिथंच उभी. आक्कांनी खुरपं मातीत खोचलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ओळीतल्या रिकाम्या जागा एकीकडून दुसरीकडं चालत गेल्या. प्रत्येक जागी टाचेनं माती दाबून बघितली. सहाव्या जागेपाशी थांबून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"खड्डे दीड हात खोल घे," त्या म्हणाल्या. "ऊन चढायच्या आत दोन तरी होतील. कुदळ मी आणते."